घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यायचं?

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची आहे. सांगलीत विश्रामबागेत आईवडील आणि भावाबरोबर राहते, मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. इतकी वर्षं मोबाइलवर गेम खेळले, आता पगारातून साठवलेल्या पैशांत गेमिंग पीसी जोडायचा आहे. स्क्रीन, यूपीएस सगळं धरून ९५ हजार आहेत. मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळायचं आणि रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे मोठे, गोष्ट असलेले गेम सवडीनं खेळायचे, एवढीच अपेक्षा. पण डोक्याचा भुगा झालाय. इथल्या एका दुकानदारानं ४२ हजारांत ‘आय-७ गेमिंग सेट’चं कोटेशन दिलंय (सोबत जोडलंय, फोन करून विचारलं तर ‘फोर्थ जनरेशन आहे’ म्हणाले). पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, दीड लाखाच्या खाली हात घालू नकोस, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यायचं, दहा वर्षं बघायला नको. माझी स्वतःची यादी रोज रात्री एक व्हिडिओ बघितला की बदलते. आई म्हणते, दोन वर्षांत लग्न होईल, मग तो डबा कोण वाहून नेणार, त्यापेक्षा लॅपटॉप घे. दुकानात गेलं की दुकानदार माझ्याकडे न बघता बारावीतल्या भावाशी बोलतो. आणि जोडताना माझ्या हातून काही मोडलं तर? सुरुवात कुठून करू?

उत्तर :

कोटेशनपासून करू. लेटरहेडवर सहा ओळी आहेत. इंटेल कोअर आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), आरजीबी गेमिंग कॅबिनेट. वाचायला भरभक्कम. पण सहापैकी एकाही ओळीत मॉडेल नंबर नाही. नुसतं ‘आय-७’ लिहिणं म्हणजे लग्नपत्रिकेवर मुलाचं फक्त आडनाव छापण्यासारखं आहे. या नावाखाली इंटेल २००८ पासून प्रोसेसर विकत आली आहे. तुम्ही पिढी विचारलीत हे फार बरं केलंत. चौथ्या पिढीचा आय-७ म्हणजे २०१३ सालचा माल. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं, त्यामुळे त्या मशिनवर ती रीतसर बसत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशिन सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी), दोन्ही चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे विंडोज ११ तिथं जबरदस्तीनं बसवली, तरी ज्या गेमसाठी सेट घ्यायचा, तोच दारात अडणार.

आता ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. हा आकडा कार्डावरच्या मेमरीचा आहे, कार्डाच्या ताकदीचा नाही. अशा सेटमध्ये बऱ्याचदा जीटी ७३० नावाचं २०१४ सालचं कार्ड निघतं. त्याचं काम स्क्रीनवर चित्र आणणं एवढंच. रेड डेडसाठी कंपनीनं सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं. त्याच्या आसपासही हे पोचत नाही.

दुकानदार लबाड आहे असं मात्र लगेच धरू नका. मार्केट यार्डातल्या अडतीच्या दुकानात टॅली चालवायला, टायपिंगच्या क्लासला, झेरॉक्सवाल्याच्या फोटो-प्रिंटला हाच सेट वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. त्याचं बहुतेक गिऱ्हाईक तेच. ‘गेमिंग’ हा शब्द तिथं कॅबिनेटमधल्या रंगीत पंख्यांसाठी वापरतात. त्याच्याकडे परत जायचंय, पण ते पुढे सांगतो.

मावसभावाचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुमची यादी रोज रात्री बदलते ती त्याच्यामुळे. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यायचं. आपल्याकडे फ्रीज असाच घेतात, कपाट असंच घेतात, आणि त्यात काही चूक नाही. डेस्कटॉपला मात्र हा हिशोब लागू पडत नाही. ती एक वस्तू नसून आठ-नऊ वस्तू आहेत आणि प्रत्येकीचं आयुष्य वेगळं आहे. चांगला एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड सात-आठ वर्षं सहज काढतात. प्रोसेसर आणि बोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) साधारण जोडीनं जुने होतात, पाच-सहा वर्षांत. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात आधी मागं पडतं आणि सगळ्यात महाग तेच असतं. दहा वर्षांची बेगमी म्हणून दीड लाख घातले, तर त्यातला मोठा भाग अशा पार्टवर जातो जो चार वर्षांत तसाही बदलावासा वाटणार आहे. त्यापेक्षा जे टिकतं त्यात कंजुषी करू नये, आणि जे बदलणार आहे ते आजच्या गरजेपुरतं घ्यावं. तुमच्या यादीतला प्रत्येक पार्ट या एका प्रश्नावर घासून बघा: हा राहणार आहे की जाणार आहे?

थांबलं की भाव उतरतात, असंही नेहमी होत नाही बरं का. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप एवढ्या उचलल्या की रॅमचे भाव भराभर चढले. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणारे तेव्हा बघतच राहिले.

यादी लिहायला बसाल तेव्हा प्रोसेसरपासून सुरू करू नका, स्क्रीनपासून करा. व्हिडिओंमध्ये प्रोसेसर पहिला येतो कारण त्याच्या नावावर भांडता येतं. खरं काम किती, ते स्क्रीन ठरवते. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४० पी म्हणजे ३६.९ लाख. फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे असतात. तुमचा मावसभाऊ दीड लाख म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर १४४० पी आहे. २४ इंची मॉनिटरवर, हातभर अंतरावरून, १०८० पी छान दिसतं. तिथं थांबलात की यादीतले निम्मे वाद आपोआप मिटतात.

दुसरा आकडा हर्ट्झचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. तुमच्या दोन आवडी इथं दोन दिशांना जातात. व्हॅलोरंट हलका गेम आहे, साध्या कार्डावरही सेकंदाला दीडशेच्या वर फ्रेम देतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर त्यातल्या ६० च दिसणार, बाकी वाया. रेड डेडमध्ये घोड्यावरून निवांत जाताना ६० फ्रेम भरपूर होतात, तिथं चित्राचा दर्जा हवा. म्हणून २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा), १४४ ते १८० हर्ट्झमधला कोणताही चांगला मॉनिटर घ्या. तो पुढची दोन कार्डं बघणार आहे. (आणि घरी आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ हातानं वाढवा. १४४ चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे लोक आहेत, आणि तेच ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सांगत फिरतात.)

स्क्रीन ठरली की कार्ड. मॉनिटर आणि यूपीएस बाजूला काढून जे उरेल त्याच्या ३५ ते ४० टक्के कार्डावर जाऊ द्यात. १०८० पी साठी आज आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी या वर्गातलं कार्ड तुमच्या दोन्ही गेमना पुरून उरेल. दुसऱ्याच्या बाबतीत एक खोच लक्षात ठेवा: आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं, खोक्यावर नाव तेच. एखाद्या दुकानात भाव दोन-चार हजारांनी कमी दिसला की आधी मेमरी किती ते विचारा. ८ जीबीवर आजचे बहुतेक गेम १०८० पी ला चालतात, काही नव्या गेमना टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणावी लागते, एवढंच. १६ जीबीवालं बजेटमध्ये बसत असेल तर जरूर घ्या. फक्त त्यासाठी एसएमपीएसमधून पैसे काढू नका.

प्रोसेसरवर मी फार शाई घालवणार नाही. सहा कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-५ १२४००एफ, दोन्ही तुम्हाला पुरे. हे जुन्या सॉकेटचे (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीचे) आहेत हे खरं. रायझनच्या नवीन एएम५ सॉकेटवर गेलात तर त्याच बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसवता येईल, पण तिथं डीडीआर ५ ही नव्या पिढीची रॅम सक्तीची आहे. ज्या दिवशी पैसे मोजाल त्या दिवशी रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर या तिघांची बेरीज दोन्ही बाजूंनी करून बघा. फरक कार्डाची एक पायरी खाणारा असेल तर जुन्या सॉकेटवर राहा, किरकोळ असेल तर एएम५ घ्या. नावांतल्या दोन खोचा मात्र पाठ करून ठेवा. ‘५६०० संपलाय, ५५०० घेऊन जा, एकच आहे’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. ५५०० मध्ये कॅश मेमरी निम्मी, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, तिसऱ्या पिढीचं. आरटीएक्स ५०६० त्या रस्त्याच्या आठच लेनवर चालतं, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ते काही गेममध्ये अडखळतं. त्याच कारणासाठी रायझनबरोबर ए५२० पेक्षा बी५५० बोर्ड बरा. आणि १२४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड बंद पडलं तर स्क्रीन काळीच.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन स्टिक. एकच १६ ची घेतलीत तर रॅम आणि प्रोसेसरमधली वाहतूक निम्म्यावर येते. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान), १ टीबी. एकटा रेड डेडच १५० जीबी मागतो, ५१२ मध्ये तुमचा जीव घुसमटेल. बोर्ड घेताना वायफाय आहे का ते बघा, स्वस्त बोर्डांत नसतं आणि ते घरी आल्यावर कळतं.

आता एसएमपीएस. या डब्याकडे कुणी बघत नाही आणि माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथं आहे. कोटेशनमधला ‘५०० वॉट एसएमपीएस’ कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असतो. हातात घेऊन बघा, पाकिटाएवढा हलका लागेल. लेबलवर ५०० छापलेलं असलं तरी कार्डानं एकदम ओढ घेतली की तो निम्म्यावरच मान टाकतो, आणि जाताना एकटा जात नाही, बोर्ड नाहीतर कार्ड घेऊन जातो. तुमच्या यादीची खरी भूक फार नाही. आरटीएक्स ५०६० चं रेटिंग १४५ वॉट, रायझन ५६०० जास्तीत जास्त ७६ च्या आसपास, बोर्ड, रॅम, पंखे मिळून आणखी पन्नासेक. पावणेतीनशे धरा. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचीच शिफारस ५५० वॉटची आहे. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० किंवा ६५० घ्या. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो, आतला माल किती चांगला ते नाही. शिक्का आणि वॉरंटी दोन्ही बघा. हा पार्ट तुमच्याकडे राहणार आहे.

एसएमपीएसच्या मागची वायर जिथं जाते, तिथं आणखी एक गोष्ट तपासायची आहे, आणि ती कोणत्याच व्हिडिओत नसते. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, असं अनेकांच्या घरी होतं. लोक म्हणतात ‘थोडा करंट मारतो, चालायचंच’. ते चालायचं नाही. एसएमपीएसच्या आतली गाळणी थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडते, तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जावा अशी रचना असते. भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसेल तर तो पत्र्यावरच थांबतो आणि तुमच्या बोटांतून वाट शोधतो. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. पार्ट मागवायच्या आधी वायरमनला बोलावून त्या एका सॉकेटचं अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. दुरुस्तीचा खर्च कार्डाच्या किमतीपुढे काहीच नाही.

यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात व्हीए छापलेलं असतं. तुम्ही बारीक अक्षरातले वॉट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मॉनिटर धरून तुमचा लोड तीनशेला टेकला आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली, की लाइट गेल्यागेल्या तोही जाईल. ११०० व्हीए, म्हणजे ६६० वॉटच्या आसपास घ्या. गेम सेव्ह करून मशिन बंद करायला पाच मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं, तासभर खेळायला तो नसतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे ना बघा. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुरतात, कधी बंदही पडतात.

कॅबिनेट घेताना पुढची बाजू जाळीची हवी. समोर सगळी काच असलेले डबे दुकानात फार देखणे दिसतात, पण एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीकडे गेला की आत हवा जायला वाट नसते. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा, बस झालं. मागच्या रिकाम्या फटी उघड्या ठेवू नका. धूळ येतेच, पालही येते, आणि पाल गरम बोर्डावर मुक्काम करते. विश्रामबागेत तुम्हाला प्रश्न नाही, पण गावभागात किंवा मारुती चौकाच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्या वाचकांनी २०१९ आणि २०२१ चे पूर आठवून डबा जमिनीवर ठेवायची सवयच लावू नये. पाण्यात गेलेल्या मालाला वॉरंटी लागू होत नाही.

आईंच्या प्रश्नाकडे येतो. लॅपटॉप हा सल्ला चुकीचा नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या, दर सहा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या मुलामुलींना मी तोच देतो. पण लॅपटॉपमधलं ५०६० आणि डेस्कटॉपमधलं ५०६० एक नव्हे. नाव तेच, वीज कमी, वेग कमी, आणि पुढं बदलता येत नाही. तुम्ही सकाळी मिरजेला जाता आणि संध्याकाळी घरी येता. मशिन फिरवायची गरज सध्या तरी नाही. लग्नाचं म्हणाल तर भरलेलं कॅबिनेट दहा-बारा किलोच्या घरात जातं. कार्ड काढून त्याच्या खोक्यात घातलं, बाकीचा डबा गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेवला, की कुठंही जातो. लग्नानंतर नवऱ्याची गाडी, कपाट, क्रिकेटचं किट हलतंच ना? आईंना वजनाची काळजी नसून वेगळीच काळजी असेल, तर तिचं उत्तर पार्टांच्या यादीत शोधू नका. लग्न ठरताना ‘संध्याकाळी तासभर मी गेम खेळते’ हे सांगायला अवघड वाटतंय का, हे एकदा तुम्हीच स्वतःला विचारा. अवघड वाटत असेल तर लॅपटॉप घेऊनही ते अवघडच राहील. आणि ‘ऑनलाइन गेम’ म्हटल्यावर घरच्यांच्या मनात पैसे लावून खेळायची रमी येत असेल, तर तेवढं स्पष्ट सांगून टाका. तसल्या पैशांच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली आहे. तुमचे गेम त्यातले नाहीत.

आता परत दुकानात. पुढच्या वेळी भावाला घरी ठेवा आणि हातात कागद घेऊन जा. कागदावर पूर्ण मॉडेल नंबर: कार्डाची कंपनी, मेमरी किती, बोर्डाचं पूर्ण नाव, एसएमपीएस कोणता. ‘याच मालाचा भाव द्या, पक्कं बिल, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर’ एवढं एक वाक्य बोला. समोरच्याचा सूर बदलतो, कारण आता चर्चा त्याला माहीत असलेल्या गोष्टीवर आली. नाही बदलला तर दुसरं दुकान आहे. ऑनलाइन भावापेक्षा दोन-तीन हजार जास्त पडले तरी मी इथं द्यायला तयार असेन, पण एका अटीवर. पार्ट बिघडला तर सर्व्हिस सेंटरला पाठवायचं काम दुकान करेल का, हे आधी विचारा, आणि हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. कार्ड पाठवायला कोल्हापूर-पुण्याला रजा टाकून जाण्यात तेवढे पैसे केव्हाच जातात. कच्च्या बिलावर जीएसटी वाचवायच्या भानगडीत पडू नका, वॉरंटीच्या वेळी तो कागद कुणी हातात धरत नाही. दुकानदार विंडोज ‘टाकून देतो, फुकट’ म्हणाला तर नको म्हणा. क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो आणि तुमच्या बँकेचं खातं त्याच मशिनवर उघडणार आहे. लायसनचे पैसे यादीत आधीच धरा.

मोडायची भीती मला पत्रात सगळ्यात गंमतशीर वाटली. दिवसभर मायक्रोलिटरमध्ये रक्त मोजून घेणारा हात एका स्क्रू-ड्रायव्हरला घाबरतो? जपायचं फार थोडं आहे. रायझन ५६०० च्या पोटाला बारीक पिना असतात, तो कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. इंटेलला पिना बोर्डावर असतात, आणि वरचा लिव्हर खाली बसवताना कडकड आवाज येतो. तो यायचाच असतो. बरोबर आलेल्या कूलरला खाली पेस्ट लावलेलीच असते, वर दुसरी लावू नका. बोर्डावर चार फटी असतील तर रॅमच्या स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या फटीत, दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत. प्रोसेसरची वेगळी वीज-वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात जोडायची राहते, तेव्हा पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला. कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा चालू करून बघा, चूक असेल तर तिथंच सापडते. पहिल्यांदा स्क्रीन आली की बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे पूर्ण वेगाचं सेटिंग, चालू करा, नाहीतर तुम्ही पैसे मोजलेला वेग बंदच राहतो.

तरीही नको वाटत असेल तर दुकानदाराला जोडणावळ द्या आणि शेजारी बसून बघा. त्यात कमीपणा नाही. पार्ट तुम्ही निवडलेत, पुढच्या वेळी कार्ड बदलायला तुमचा हात धजेल, तेवढं पुष्कळ.

ज्यांचं बजेट याच्या निम्मं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी, आणि कार्ड आत्ता घेऊच नका. व्हॅलोरंट त्यावर चालतो. पैसे वाचवायचे ते कार्डाचे, एसएमपीएस मात्र आत्ताच चांगला घ्या, म्हणजे वर्षानं कार्ड घातलं तरी बाकी काही बदलावं लागणार नाही. कंपन्यांचे जुने ऑफिस डेस्कटॉप स्वस्त मिळतात, पण त्यांचा एसएमपीएस बऱ्याचदा त्यांच्याच मापाचा असतो आणि त्यात कार्डासाठी जादा वायर नसते. घ्यायच्या आधी झाकण उघडून बघा.

आणि पार्ट एकेक करून गोळा करू नका. यंदा दिवाळीच्या सेलमध्ये कार्ड, मग पगारावर बोर्ड, मग गुढीपाडव्याला प्रोसेसर, असा मोह होतो. ऑनलाइन परतीची मुदत सात-दहा दिवसांची असते आणि एकटं कार्ड कशावर तपासणार? सगळे पैसे जमले की सगळं एका आठवड्यात मागवा, खोकी उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, पहिल्याच शनिवार-रविवारी मशिन जोडून रेड डेड सलग तीन-चार तास चालू ठेवा. बिघडायचं असलेलं बहुतेक तेवढ्यात बिघडतं, आणि तेव्हा बदलून मागायची मुदत तुमच्या हातात असते. खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.